सुपीक खडकाचा कवी

पाणी कोमट आहे, तुमच्या छातीपर्यंत आलेलं. सूर्य जवळजवळ डोक्यावर, कारण ही जागा सध्या विषुववृत्तापाशी आहे. पायाखाली प्रवाळ, शिंपले, देठावर डोलणारी समुद्रकमळं. हे जीव जगतात, मरतात, तळाशी बसतात. त्यांच्यावर पुढचे येऊन बसतात. काळ सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीचा. तुम्ही ज्या गाळात उभे आहात त्याचा पुढे चुनखडक होणार आहे, आणि सरकत सरकत तो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात पोचणार आहे.

जॉन ओ'डोनोह्यूला भेटायचं तर आधी त्याच्या दगडाला भेटावं लागतं. 1997 साली ‘अनम कारा’ या पुस्तकामुळे त्याचं नाव जगभर झालं. आत्म्याचा सखा, असा त्या नावाचा अर्थ. तेव्हापासून पुष्कळ लोक त्याला मऊ, धुकट, मेणबत्तीच्या उजेडात वाचायचा कवी समजतात. लग्नात, अंत्यसंस्कारात त्याचे शब्द म्हटले जातात, आणि ते योग्यच आहे. पण मला हा माणूस कणखर वाटतो. त्याचा कणखरपणा कुठून आला ते पाहायचं म्हणून तुम्हाला इतक्या लांब, या पाण्यात आणून उभं केलं.

आता पाणी ओसरू द्या. बर्फ येतो आणि जातो. हिमनद्यांनी डोंगरांची पाठ घासून काढली आहे. मग पाइन आणि हेझलची रानं उगवतात, माणसं येतात, रानं तोडतात, गुरं चारतात, आणि उघडी पडलेली माती पाऊस भेगांतून खाली घेऊन जातो. उरतात त्या राखाडी दगडाच्या लाद्या, क्षितिजापर्यंत. हाच बरन. समोर उभ्या शिळांवर एक प्रचंड शिळा तिरकी टेकवलेली आहे: पूलनाब्रोनचं महापाषाणी थडगं. साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या या संध्याकाळी काही माणसं आपल्या एका माणसाला घेऊन इथे आली आहेत. शतकानुशतकं इथे तीसहून अधिक जण ठेवले जातील. बाया, पुरुष, पोरं. त्यातल्या एकाच्या कमरेच्या हाडात बाणाचं टोक रुतलेलं असेल. 1986 आणि 1988 मध्ये उत्खनन करणाऱ्यांच्या हाती ती हाडं लागतील.

ही माणसं काय पुटपुटताहेत ते तुम्हाला कळत नाही. ती भाषा उरलेली नाही. पण गेलेल्यांना नजरेआड न करता, गुरं चरतात त्याच माळावर, रोज दिसतील असं ठेवायचं, एवढं कळतं. हे ध्यानात असू द्या. पुढे याच माळावर वाढलेला एक मुलगा सांगणार आहे की मेलेले फार दूर जात नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. केल्टिक अध्यात्म म्हणून बाजारात जे मिळतं, त्यातलं बरंचसं गेल्या दोनशे वर्षांत जुळवलेलं आहे. प्राचीन आयरिश लोक स्वतःला केल्ट म्हणवत नव्हते. ती ओळख त्यांना अठराव्या शतकाच्या सुरुवातीला भाषांच्या अभ्यासकांनी दिली. जॉननेही तो शब्द मनापासून वापरला. पण त्याच्याजवळ जे होतं ते ड्रुइडांच्या, म्हणजे प्राचीन पुरोहितांच्या, कुठल्या गुप्त पोथीतून आलेलं नव्हतं. ते त्याच्या खोऱ्यात, त्याच्या घरात, जिवंत माणसांच्या हातात आणि तोंडात होतं. चला, त्या घरी जाऊ.

1964 च्या सुमाराची शरदातली सकाळ. फॅनोरजवळचं खोरं. पश्चिमेला अटलांटिक, हवा स्वच्छ असली की पाण्यात ॲरन बेटं दिसतात. जॉन आठ वर्षांचा आहे. 1 जानेवारी 1956 चा जन्म, चार भावंडांत थोरला. त्याचे वडील पॅडी शेतकरी आणि दगडकाम करणारे गवंडी. ढासळलेल्या गडग्यापाशी ते उकिडवे बसले आहेत. कोकणात घातला जातो तसाच हा गडगा, नुसत्या दगडांवर दगड, मध्ये चुना नाही, माती नाही. दगड मात्र सगळा चुन्याचाच.

पॅडी तुमच्याकडे न बघता हात पुढे करतात. तुम्ही एक दगड उचलून देता. ते तो फिरवतात, परत फिरवतात, बाजूला ठेवतात. दुसरा. तोही बाजूला. तिसरा हातात घेताच ते थबकतात. तो त्याच्या जागी असा बसतो की जणू ती जागा त्याचीच वाट बघत होती. मुलगा हे सगळं पाहतो आहे. तुम्ही मधल्या एका फटीत बोट घालता आणि तिथे एक चीप बसवायला जाता. पॅडी मान हलवतात. ती फट राहू द्यायची. समुद्रावरून येणारा वारा अडवला तर भिंत पाडतो. त्याला फटींतून जाऊ दिलं तर भिंत शंभर वर्षं उभी राहते.

तुम्ही खाली बघता तर पायाखालच्या लाद्यांचंही तसंच आहे. खडकाच्या सपाट भागावर काही उगवत नाही. दोन लाद्यांमधल्या खोल भेगांत मात्र ओल साठते, वारा लागत नाही, आणि तिथे फुलं. वसंतात आलात तर गडद निळी जेन्शियन दिसतील, जी एरवी आल्प्समध्ये भेटतात. त्यांच्या शेजारी ध्रुवाकडच्या थंड मुलखातली आणि भूमध्य समुद्राकाठची फुलं एकाच भेगेच्या आसऱ्याने. वनस्पतींचे अभ्यासक यासाठी जगभरातून इथे येतात. शाळेत जाताना-येताना जॉनला हे रोज दिसतं.

संध्याकाळी घरात चला. विजेचे खांब या भागातल्या खेड्यांना अजून नवे आहेत. चुलीत टर्फ जळतोय, दलदलीतून कापून उन्हात वाळवलेला; त्याचा धूर तुमच्या कपड्यांत बसेल तो जाणार नाही. जपमाळ म्हटली जाते, सगळे गुडघ्यांवर. काका पीट डोंगरातून परतला आहे. त्याला डोंगराचं वेड. आई जोसी झोपायच्या आधी निखारे राखेखाली झाकते. या मुलखात ते झाकताना प्रार्थना म्हणायची रीत जुनी आहे, गाय दोहताना म्हणायची, प्रवासाला निघणाऱ्यासाठी म्हणायची. आशीर्वाद देण्यासाठी फादर यायची वाट कुणी बघत नाही.

आणि घरात न दिसणारी माणसंही आहेत. अमेरिकेची पत्रं येतात. 1950 च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे 4 लाख माणसं निघून गेली. 1961 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 28 लाखांवर आली होती. या घरातलेही काही जण समुद्रापार गेले आणि तिकडच्याच मातीत विसावले. पुढे ‘अनम कारा’च्या अर्पणपत्रिकेत वडिलांच्या दगडकामाला आणि पीटच्या डोंगरप्रेमाला वंदन करताना जॉन या परतून न आलेल्यांनाही विसरणार नाही. बरनच्या माळावर फिरताना तुम्हाला ओसाड घरं लागतील, छप्पर गेलेली, चुलीची जागा अजून काळी. त्याच्या कवितेत विरह इतका का आहे, असं कुणी विचारलं तर तुम्ही या चुली दाखवा.

वयाच्या अठराव्या वर्षी तो मेनूथच्या सेमिनरीत जातो. 1795 साली स्थापन झालेली ही संस्था. पिढ्यान्‌पिढ्या आयरिश फादर इथे घडले. लांब, थंड कॉरिडॉर, उंच खिडक्या. व्हॅटिकनची दुसरी धर्मसभा संपून दहाएक वर्षं झाली आहेत, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली आहे, आणि भिंतींच्या आत बरंच काही हलतंय. जॉन इंग्रजी साहित्य, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या तिन्हींत पदव्या घेतो, दीक्षा घेतो. इथे आपण फार रेंगाळायचं नाही. त्याला हवं होतं ते पुढच्या मुक्कामी आहे.

1986. दक्षिण जर्मनीतलं ट्युबिंगेन. नेकार नदीच्या पुलावर उभे रहा. खाली चपट्या तळाच्या नावा, काठाला विलोची झाडं, आणि पाण्यालगत एक पिवळा बुरूज. त्या बुरुजात कवी होल्डरलिन 1807 पासून 1843 पर्यंत, मरेपर्यंत राहिला. मन विस्कटलेलं, एका सुताराच्या कुटुंबाने सांभाळलेला. थोडं वर चढलात की जुना मठ लागतो. तिथे 1790 च्या सुमारास तीन विद्यार्थी एका खोलीत राहत होते: हेगेल, होल्डरलिन आणि शेलिंग. 1807 सालीच तत्त्वज्ञ हेगेलचा चैतन्याच्या प्रवासावरचा महाग्रंथ छापून आला. एका खोलीतले दोन मित्र. एकाने त्या वर्षी जगाचा अर्थ लावणारं पुस्तक हातात घेतलं आणि दुसऱ्याच्या मागे बुरुजाचं दार लागलं. जॉन या रस्त्यांवरून चार वर्षं रोज जातो.

ग्रंथालयात त्याच्या समोर बसा. तिशीतला, रुंद खांद्यांचा शेतकऱ्याचा मुलगा, आणि पुढ्यात जर्मन भाषेतला हेगेल. ज्यांनी हेगेलचं एखादं पान तरी वाचलं आहे त्यांना माहीत आहे की हा खडक फोडायला किती घाम लागतो. जॉन तो जर्मनमध्ये वाचतो आणि प्रबंधही जर्मनमध्येच लिहितो. 1990 साली पदवी मिळते, 1993 साली प्रबंध पुस्तकरूपाने येतो. त्याचं नाव ‘पर्सॉन आल्स फेरमिट्लुंग’, म्हणजे व्यक्ती ही मध्यस्थी म्हणून. साध्या शब्दांत सांगायचं तर: माणूस आधी स्वतःत पुरा होतो आणि मग दुसऱ्याला भेटतो असं घडत नाही. मी आणि दुसरा यांच्या मधल्या जागेत, त्या येण्याजाण्यात, माणूस माणूस होतो.

हे वाचताना तुम्हाला गडग्यातली ती फट आठवली असेल. मला नेहमी आठवते. त्याच्या इंग्रजी पुस्तकांवर प्रेम करणारे या जर्मन ग्रंथाला वळसा घालून जातात, आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्याच्या आशीर्वादांना. दोघांचंही त्यात नुकसान आहे. ज्याला लोक त्याचा जिव्हाळा म्हणतात, त्याच्या बुडाशी चार वर्षांचं हे खोदकाम आहे.

परतल्यावर तो माइस्टर एकहार्टकडे वळतो, सुमारे 1260 साली जन्मलेल्या जर्मन गूढवाद्याकडे. देवाला नाव देऊ नका, मन रिकामं करा, त्या रिकामपणातच त्याचा जन्म होतो, असं काहीसं एकहार्ट सामान्य बायाबापड्यांसमोर त्यांच्या भाषेत बोलत असे. 1329 मध्ये, तो गेल्यावर, पोपने त्याची 28 विधानं दोषी किंवा संशयास्पद ठरवली. पाखंडाच्या कडेवर उभ्या असलेल्या या साधूशी एका आयरिश फादरची मैत्री जमते, यात पुढचं बरंचसं आलं.

1990 चं दशक. आयर्लंडचा पश्चिम किनारा, कॉनेमारा आणि क्लेअर. तो पुन्हा पॅरिशमध्ये काम करतो आहे. एका हिवाळी रात्री त्याच्या गाडीत मागे बसा. आडवाटेवरचं घर, पाऊस, दारात उभी असलेली बाई. आत एक म्हातारा शेवटचे श्वास घेतोय. तेललेपन होतं, प्रार्थना होतात, आणि त्यानंतर जॉन खुर्ची ओढून बसून राहतो. मरणाऱ्याजवळ बसणं हे फार मोठं भाग्य आहे असं तो मानत असे. मृत्यू शेवटी येऊन भेटणारा परका नव्हे. जन्मापासून तो तुमच्या शेजारून चालतोच आहे, त्याच्याशी आधीच ओळख करून घ्या म्हणजे भीती कमी होईल, हे त्याने पुढे लिहिलं ते अशा खोल्यांमधून. खोलीतले लोक गंभीर चेहऱ्याने बसलेले असतात, आणि मग कुणीतरी त्या म्हाताऱ्याची जुनी फजिती सांगतं, आणि जॉन हसतो. त्याचं हसू मोठं होतं, घर भरून टाकणारं. ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात.

बाहेर आयरिश चर्चची भिंत ढासळते आहे. 1992 मध्ये गॉलवेच्या बिशपांना राजीनामा द्यावा लागतो. त्यांना एक मुलगा असल्याचं उघड झालेलं असतं. त्यानंतर लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहतात. त्याच काळात देशात पैसा खेळायला लागतो. ज्या देशातून माणसं जात होती तिथे ती परत येऊ लागतात, नवी घरं, नव्या गाड्या. चर्चवरचा विश्वास गेलेला, प्रार्थनेची सवय मात्र गेलेली नाही, आणि बाजार प्रार्थनेची जागा घेऊ शकत नाही. 1997 साली ‘अनम कारा’ दुकानांत येतं ते या लोकांच्या हाती. पुस्तक आयर्लंडमध्ये आणि अमेरिकेत प्रचंड खपलं, यात काही नवल नाही.

पण त्याआधी तुम्हाला मुल्लामोरला नेलं पाहिजे, नाहीतर हा माणूस अर्धाच कळेल.

मुल्लामोर हा बरनमधला डोंगर. त्याचे थर असे वळलेले की वाटतं कुणीतरी खडक ओला असताना हाताने फिरवला. पायथ्याला तळी, पावसाळ्यात भरतात, मग जमिनीतल्या भोकांतून नाहीशी होतात. 1991 मध्ये सरकारचं बांधकाम खातं इथे पर्यटक केंद्र बांधायचं जाहीर करतं, मोठ्या वाहनतळासकट. तुम्ही एका गावच्या सभेत मागच्या बाकावर आहात. इथे कुणी खलनायक नाही, हे आधी समजून घ्या. केंद्राच्या बाजूने बोलणारा शेतकरी विचारतो, माझी पोरं लंडनला गेली, इथे दहा नोकऱ्या आल्या तर तुमचं काय जातं? त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. जॉन विरोधकांमध्ये आहे, बरन ॲक्शन ग्रुपमध्ये, आणि तो याच भागातला फादर आहे. बाजू घेतली की पहिल्या बाकावरची काही माणसं मान फिरवणार, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो बाजू घेतो.

त्याचं म्हणणं असं की भूभाग म्हणजे पडून असलेली जमीन नाही. तो आपल्यापेक्षा कितीतरी जुना जीव आहे, त्याचं स्वतःचं मौन आहे, आणि तिथे जाणाऱ्याने त्या मौनासाठी जागा ठेवायची असते. सरकारी कचेरीत हे वाक्य चालत नाही. कोर्टात वेगळी वाक्यं लागतात, आणि या लोकांनी ती शोधली. बांधकाम सुरू झालेलं होतं. 1993 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला की त्या खात्याला असं केंद्र बांधायचा कायदेशीर अधिकारच नाही. त्यानंतरही वाद वर्षानुवर्षं चालला. उभं राहिलेलं काम काढून जागा पुन्हा मोकळी झाली ती 2001 मध्ये. आज तिथे गेलात तर काहीच दिसत नाही. त्याच्या कामाची ही एक खूण आहे, आणि मला ती त्याच्या कुठल्याही पुस्तकाइतकी मोलाची वाटते.

कविता या सगळ्याच्या जोडीने चालूच होती. 1994 मध्ये पहिला संग्रह ‘एकोज ऑफ मेमरी’; आई जोसीसाठी लिहिलेली ‘बन्नाख्त’ ही आशीर्वादाची कविता त्यातली, आणि आज ती इतक्या घरांत पाठ आहे की अनेकांना कवीचं नावही माहीत नसतं. 2000 मध्ये ‘कॉनेमारा ब्लूज’. त्याच सुमारास तो फादर म्हणून सार्वजनिक काम थांबवतो. त्या निर्णयामागे किती रात्री असतील ते आपण न बोललेलं बरं. त्यानंतर लेखन, व्याख्यानं, अमेरिकेचे दौरे, आणि परतायला कॉनेमारातलं एकाकी घर.

2007 मध्ये तिथे डोकावा. टेबलावर ‘बेनेडिक्टस’, त्याचं आशीर्वादांचं पुस्तक. अमेरिकेत हेच पुस्तक निघालं तेव्हा त्याचं नाव ठेवलं गेलं ते आपल्यामधल्या जागेला आशीर्वाद देण्याविषयीचं. ट्युबिंगेनच्या ग्रंथालयात जी मधली जागा त्याने हेगेलच्या भाषेत मांडली, ती इथे कुणालाही वाचता येईल अशा ओळींत आली आहे. अनुक्रमणिका बघा. नव्या घरासाठी आशीर्वाद आहे, होऊ घातलेल्या आईसाठी आहे. हे कुणीही लिहिले असते. पण थकून गेलेल्या माणसासाठी आहे. व्यसनात अडकलेल्यासाठी आहे. कैद्यासाठी आहे. नातं तुटल्यानंतरच्या दिवसांसाठी, निवृत्तीसाठी, जुनं संपलं आणि नवं अजून आलं नाही अशा मधल्या काळासाठी आहे. आणि ज्यांच्या मुलाने गुन्हा केला आहे त्या आईबापांसाठी आहे. शेवटच्या नावाशी जरा थांबा. अशा आईबापांच्या दारात कोण जातं? शेजारी जात नाहीत, नातलग फोन उचलत नाहीत, कुठल्याही धर्माच्या विधिसंग्रहात त्यांच्यासाठी पान नाही. त्यांचं दुःख असं की ते मोठ्याने रडूही शकत नाहीत, कारण दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू त्यात गेलेलं असतं. जॉनने त्यांच्यासाठी पान काढलं.

या पुस्तकात तो आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगतो: आशीर्वाद द्यायची ताकद प्रत्येकात आहे, ती वापरा. दीक्षा घेतलेला, ती वस्त्रं उतरवून ठेवलेला माणूस हे सांगतो तेव्हा त्याला वजन येतं. जोसीच्या चुलीपाशी हेच चालत होतं.

त्या वर्षीच्या शरदात अमेरिकन रेडिओ पत्रकार क्रिस्टा टिपेट त्याच्याशी लांबलचक बोलते, सौंदर्याविषयी, खोऱ्याविषयी, काळाच्या घाईविषयी. तुम्ही ध्वनिमुद्रण ऐकू शकता. शब्द किती भरभर आणि किती आनंदात येताहेत बघा. ते प्रसारित होण्याआधीच तो गेला. जानेवारी 2008 च्या पहिल्या आठवड्यात, फ्रान्समध्ये आविन्यॉंजवळ सुट्टीवर असताना, झोपेत. नुकतीच 52 वर्षं पूर्ण झाली होती. फॅनोरला, समुद्राजवळच्या दफनभूमीत त्याला ठेवलं.

तिथे मी तुम्हाला नेणार नाही. वेळ हाताशी आहे तर एक दुसरी सकाळ निवडू, 1990 च्या दशकातली, ईस्टरची.

पहाटेचे साडेपाच. बरनच्या उत्तर कडेला कॉर्कमरो मठाचे अवशेष. तेराव्या शतकाच्या आगेमागे सिस्टर्शियन साधूंनी बांधलेला. त्यांनी त्याला सुपीक खडकाच्या मेरीचं नाव दिलं. छप्पर कधीच गेलं. अंधारात विजेऱ्या हलताहेत, गाड्या रस्त्याच्या कडेने लागताहेत, लोक ओल्या गवतातून येताहेत: म्हाताऱ्या, तरुण जोडपी, घोंगडीत गुंडाळलेली पोरं, काही वर्षांत चर्चची पायरी न चढलेले, काही कुठल्याच देवावर विश्वास नसलेले. मुल्लामोरच्या वादात दोन बाजूंना असलेले काही जणही यात आहेत. जॉनने ही पहाटेची मिस्सा सुरू केली आहे. वेदीपाशी तेराव्या शतकातल्या राजाची दगडी मूर्ती आडवी पहुडलेली, खांबांच्या माथ्यावर कोरलेली फुलं. उजेड यायला लागतो तशी ती एकेक दिसू लागतात. कोरणाऱ्याने इथली रानफुलं नीट पाहिली होती.

तो बोलतो. आवाज खर्जातला, क्लेअरच्या हेलाचा. अंधाराला उजेडाची घाई नसते, असं काहीसं. एक पोर रडतं, त्याच्या आईला कुणीतरी पुढे वाऱ्याच्या आडोशाला जागा करून देतं. पूर्वेच्या टेकडीवर कड लाल होते आणि छप्पर नसलेल्या त्या जागेत ऊन सरळ येऊन भिंतींवर पडतं. लोक एकमेकांचे हात धरतात. तुमच्या डाव्या हाताशी एक अनोळखी बाई आहे. ती तुमच्या डोळ्यांत बघून ईस्टरचं शुभ बोलते आणि थांबते, कारण आता तुमची पाळी आहे. तुम्ही बोलता. मराठीतच बोलता, त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही, आणि तिला ते चालतं.

मग एकदम गलका. फ्लास्क उघडतात, चहा, भाजलेले ब्रेड, कुणाची तरी फिडल बाहेर निघते, पोरं थडग्यांवरून उड्या मारायला लागतात आणि रागावली जातात. तुमच्या हातात गरम कप येतो आणि त्याच्यामागोमाग एक म्हातारा शेतकरी, टोपी मागे सरकवून. कुठले तुम्ही? सांगता. लांबून आलात, तो म्हणतो. तुमच्याकडे दगड आहे का? आहे, तुम्ही म्हणता, पुष्कळ. काळा. ज्वालामुखीच्या लाव्हाचा, सगळा सह्याद्री त्याचाच. तो मान डोलावतो, विचार करतो, आणि ठामपणे सांगतो की असेल, पण गुरांसाठी चुनखडकासारखा दगड नाही. का? सगळ्या जगात थंडी पडली की गुरं डोंगरावरून खाली आणतात. आम्ही वर नेतो. उन्हाळाभर हा खडक ऊब साठवतो आणि हिवाळ्यात सोडत राहतो, पाणी खाली झिरपून गेल्याने गुरांचं अंग कोरड्यावर राहतं, आणि भेगांमधलं गवत थंडीतही खाण्याजोगं असतं. ती तिथे चरतात म्हणून वसंतात फुलांना उजेड मिळतो. नाहीतर गवतच सगळं झाकून टाकेल. तुम्ही विचारता, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? गुरांना, तो म्हणतो, आणि चहा संपवून तुम्हाला आपल्या गाडीकडे घेऊन निघतो, कारण त्याची वरची कुरणं जवळच आहेत आणि तुम्ही ती पाहिलीच पाहिजेत.